सासू, सून आणि बिचारा

४ फेब्रुवारी

शिंपले,

आशीर्वाद आहेतच, रागासकट.

माशांच्या दुकानदाराचा फोन आला होता. तुमच्या मुलीचा जहाजावरून निरोप आहे म्हणाला, टाकी उचलायची आहे. खडक, प्रवाळ, मासे, दिवे, सगळं. एप्रिलअखेर माणसं आणि पिंपं घेऊन येतो. फार अदबीने बोलला. मीही अदबीने बरं म्हटलं, फोन ठेवला आणि गॅसवर चहा आहे हे विसरून गेले. ते पातेलं अजून घासते आहे. आईला काही कळवायचं तर दुकानदारामार्फत, ही रीत तुला कोणी शिकवली ते मात्र समजलं नाही.

टाकी तुझी आहे, त्याबद्दल वाद नाही. दवाखान्यात बाबांनी माझ्यादेखत सांगितलं, टाकी शिंपलीची. मी तेव्हा संत्रं सोलत होते, सोलत राहिले. आणि निघताना दारात तू म्हणालीस, "जन्मभर तू तिला सवत म्हणालीस, आई. सवतीला कोण जेवू घालतं?" त्यावर मी जे बोलले ते इथे पुन्हा लिहीत नाही. तुझ्या लक्षात असणारच.

तर सवत जिवंत आहे. तिचं जेवणखाण मी बघते. तुला वाटत असेल म्हातारी अंदाजाने काहीतरी ओतत असेल, म्हणून मला काय समजलंय ते लिहिते. चूक असेल तर सांग.

प्रवाळ म्हणजे स्वतःचं हाड स्वतः घडवणारा जीव. त्याला पाण्यातून कॅल्शियम लागतं, आणि ते हाडात बसवायला क्षार लागतो, ज्याला तुम्ही दोघं अल्कलिनिटी म्हणायचात आणि मी अलकामावशी. प्रवाळ ते रोज पाण्यातून खातात, म्हणून आपण रोज घालायचं. बाबांनी कॅल्शियमच्या बाटलीवर लिहिलंय 'सासू' आणि क्षाराच्या बाटलीवर 'सून'. दोघी घरात हव्यातच, पण एका वेळी एका जागी ओतल्या की पाणी ताकासारखं पांढरं होतं आणि दोघी वाया जातात. म्हणून सासू सकाळी, सून संध्याकाळी, आणि तीही पंपाच्या धारेत, सावकाश. तुझी आजी आणि मी एका स्वयंपाकघरात असताना जो माणूस मधल्या खोलीत बसून सगळं ऐकायचा, त्याचं हे शास्त्र आहे.

तिसरी मोठी बाटली, 'बिचारा' लिहिलेली, ती मी त्यांच्या शर्टांबरोबर कपाटात ठेवली आहे. तिच्यावर त्यांचं अक्षर सगळ्यात चांगलं आलंय. त्या बाटलीला ते कधीमधीच हात लावायचे, तेव्हा तिच्यावाचून अडत नसावं. ती राहू दे.

आता माझं म्हणणं. एप्रिलअखेर दुकानदाराला येऊ दे. त्याने पाणी तपासावं, प्रवाळ बघावेत. ठीक नसेल तर खुशाल नेऊ दे, पिंपाला एका बाजूने मी हात लावीन. पण ठीक असेल तर टाकी इथेच राहील. कारण विचारशील, तर त्या कोपऱ्यातली फरशी इतकी वर्षं झाकलेली आहे, टाकी उचलली की डाग दिसेल. आणि तो पंप. तो बंद झाला की घर फार ऐकू येतं.

उत्तर दे.

आई


२३ फेब्रुवारी

शिंपले,

उत्तर आलं नाही. टपाल बंदरावर जाऊन मग जहाज गाठतं, हे मला माहीत आहे. म्हणून अजून रागावले नाही.

तपासणीची पेटी काढली. एवढीशी बाटली पाण्याने भरायची, थेंब टाकायचे, हलवायचं, रंग बदलला की थांबायचं. लाँड्रीत इतकी वर्षं मी डाग बघून कपडे वेगळे करते, रंगातला फरक मला कळतो असा माझा समज होता. अलकामावशीचा निळा हिरव्यातून पिवळ्यात नेमका कधी गेला हे ठरवताना मी दिव्याशी, खिडकीशी, दारात जाऊन आले. जिन्यातून चढणाऱ्या खालच्या शिंपीभावजींना विचारलं, हा पिवळा म्हणाल का? ते म्हणाले, वहिनी, हा तर मोतिया. मोतिया असा रंग त्या कागदावर नाही.

क्षार साडेसहा निघाला. बाबा म्हणायचे आठाच्या खाली जाऊ द्यायचं नाही. म्हणून सून वाढवली. क्षार चढला तर कॅल्शियम उतरलं. सासू वाढवली, तर क्षार पुन्हा खाली. एकीचं मन राखावं तर दुसरी रुसून बसते. रोज आधीपेक्षा जास्त ओतते आणि रोज आकडा कमी. एवढं जातं कुठे? प्रवाळ इतकं खात असते तर आतापर्यंत खिडकीबाहेर आले असते.

शिंपीभावजींकडे छतावर ओल दिसते अशी त्यांची तक्रार आहे. ती माझ्या बादलीची, टाकीची नव्हे. मी फडकं मारलं आहे. ते म्हणाले, तुमचा समुद्र वरच राहू द्या, माझ्याकडे गिऱ्हाइकांची लोकरी कापडं आहेत.

बाकी ठीक. जोडीतले दोन्ही केशरी मासे खातात. मी वेळेवर जेवते.

हरीण-प्रवाळाच्या पायाशी थोडं पांढरं दिसतं आहे. थोडंच.

आई


१७ मार्च

शिंपले,

थोडं नव्हतं. मागच्या पत्रात मी थोडं लिहिलं, कारण तू समुद्रात आणि मी इथे, उगाच जिवाला घोर कशाला. हरीण बुंध्याकडून सोलत चाललं होतं. बाबांनी बोटाएवढा तुकडा आणून वाढवलेलं, शिंगांसारख्या फांद्यांचं ते प्रवाळ. त्याची तपकिरी कातडी सुटून पाण्यात लोंबायची आणि खाली पांढरं हाड. मी तिथून उठून स्वयंपाकघरात जायचे आणि पुन्हा यायचे. दुकानदाराला आत्ताच बोलवावं, निदान त्याच्याकडे तरी जगेल, असं माझ्या मनात आलं. फोन हातात घेतला होता. तुझंच बरोबर होतं असं म्हणायला किती कष्ट पडतात ते तुला माझी मुलगी म्हणून माहीत आहेच, म्हणून फोन ठेवला आणि आधी पंप धुवायला काढला.

पंपावर पांढरा थर होता. खरखरीत, नखाने न निघणारा. हीटरवर तर अंगठ्याएवढा जाड. तो थर मी हजारदा पाहिला आहे. आमच्या लाँड्रीच्या बॉयलरमध्ये हाच बसतो, दर काही महिन्यांनी तो खरवडायला माणूस येतो. म्हणजे मी ओततेय ते प्रवाळांच्या तोंडी जातच नव्हतं. सासू आणि सून पाण्यात एकमेकींना भिडून दगड होऊन हीटरवर बसत होत्या.

पण मी तर दोघींना वेगळ्या वेळी घालत होते. मग भिडतात का?

बाबांचं जाड पुस्तक काढलं. इंग्रजी आहे, मला एका पानाला एक संध्याकाळ लागते, शब्दकोश मांडीवर. वाचनालयातल्या बाईंनी दोन शब्द फोनवर सांगितले. चौथ्या प्रकरणात सापडलं. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि क्षार इतके जास्त असतात की खरं तर ते दोघं केव्हाच गोठून खाली बसायला हवेत. बसत नाहीत, कारण मध्ये मॅग्नेशियम असतं. त्याचं स्वतःचं बांधकाम जवळजवळ काही नाही. ते नुसतं मध्ये पडतं. दोघं जुळायला लागले की तिथे जाऊन उभं राहतं, आणि प्रवाळ उचलून नेईपर्यंत दोघांना पाण्यात सुटं ठेवतं. ते हळूहळू कमी होतं, म्हणून रोज घालावं लागत नाही, कधीमधी घातलं तरी पुरतं. पण ते घटलं की मग कितीही ओता, ओतलेलं सगळं हीटरवर.

मी पुस्तक मिटलं आणि कपाटाकडे बघितलं.

पेटीत मॅग्नेशियमची तपासणी होती, सीलबंद. केली. एक हजार चाळीस. तेराशेच्या आसपास हवं. ते गेल्यापासून टाकीत त्याचा थेंब पडला नव्हता, कारण ती बाटली मी शर्टांच्या घडीत ठेवून दिली होती.

आपल्या घरात मध्ये उभा राहणारा माणूस गेल्यावर उरलेल्या दोघींचं काय झालं, ते मी लिहीत नाही. तू इंजिनियर आहेस.

बाटली काढली. पाऊण भरलेली होती. त्यांनी हे मिश्रण त्या शेवटच्या हिवाळ्यात केलं असणार, दवाखान्याच्या आधी. त्यांच्या हातचं घरात आता दुसरं काही उरलेलं नाही. लोणचं असतं तर पुरवून पुरवून खाल्लं असतं. हे पुरवायचं म्हणजे हरीण मारायचं. तरी मी जरा वेळ बाटली घेऊन पलंगावर बसले, तेवढं माफ कर.

मग झाकण उघडलं. एकदम घालायचं नसतं, रोज थोडं, म्हणजे प्रवाळांना धक्का बसत नाही. पहिल्या दिवशी मापाने घातलं. पाण्यात काही दिसत नाही ग. सासू घातली की जरा धूसर होतं, सून घातली की रेषा उठतात. हे नुसतं मिसळून गेलं.

आई


८ एप्रिल

शिंपले,

तुझं उत्तर नाही. दुकानदाराला मात्र दोन निरोप गेले, त्याने सांगितलं. तारीख पक्की ठेवलीस. ठेव.

आता ऐक. मॅग्नेशियम बाराशे ऐंशी. क्षार आठ, आणि दुसऱ्या दिवशीही आठ, आणि तिसऱ्या दिवशी पावणेआठ, म्हणजे फक्त प्रवाळांनी खाल्लं तेवढंच गेलं. मी सुनेचा रतीब अर्ध्यावर आणला तरी ती जागची हलत नाही. सासूबाईही शांत. हीटर खरवडून चकचकीत केला, त्यावर पुन्हा थर नाही. लाँड्रीत मी हे सगळ्यांना सांगितलं. इस्त्रीवाली म्हणाली, ताई, तुम्ही नातवंडाबद्दल सांगताय असं वाटलं.

हरणाचं सोलणं थांबलं. जिथे थांबलं तिथे कातडीची कड मऊ होती, ती आता गोल आणि घट्ट झाली आहे. आजाऱ्याच्या चेहऱ्यावर तेज आलं की घरातल्यांना डॉक्टरांच्या आधी कळतं, तसं. आणि मागच्या काचेवर जांभळे ठिपके आलेत, धुतलेल्या कापडावर शाईचा शिंतोडा पडावा तसे. मी आधी ते पुसायला गेले. मग पुस्तकात पाहिलं, ते चांगलं शेवाळ असतं, पाणी सुधारल्याची खूण. पुसलं असतं तर माझ्याच हाताने निकाल फाडला असता.

'बिचारा' संपला. बाटली तळापर्यंत निथळली, धुतली, वाळवली. त्यांनी आणून ठेवलेल्या पुड्यातले खडे शुद्ध पाण्यात विरघळवून नवं मिश्रण केलं. पहिल्यांदा माप चुकलं, ओतून दिलं. दुसऱ्यांदा जमलं. आता आतलं माझ्या हातचं आहे आणि वरचं अक्षर त्यांचं. बाटली सासू आणि सून यांच्या मधे ठेवली आहे.

शिंपीभावजी वर आले होते, ओल वाळली हे सांगायला. खुर्ची ओढून बराच वेळ बसले. जाताना म्हणाले, याला टीव्हीपेक्षा बरं कथानक आहे.

आई


३० एप्रिल

शिंपले,

दुकानदार येऊन गेला. सगळं लिहिते, म्हणजे त्याच्याकडून वेगळं ऐकशील तर ताडून बघता येईल.

दोन माणसं, चार निळी पिंपं, नळ्या. तो चप्पल काढून आत आला आणि टाकीसमोर उकिडवा बसला. मी चहा ठेवला. मग मी माझी अट सांगितली, आधी तपास, मग बोलू. तो म्हणाला, कसली अट? तुमच्या मुलीने मला अटीचं काही कळवलेलं नाही, सरळ उचलायला सांगितलंय.

म्हणजे माझं पत्र तुला मिळालं नव्हतं, किंवा मिळून तू त्यावर बोलली नव्हतीस. त्या क्षणी, शिंपले, माझ्या हातात काही नव्हतं. टाकी तुझी, निरोप तुझा, माणसं दारात उभी. तुला फोन लागत नाही. मी म्हटलं, चहा होईपर्यंत पाणी तरी मोजा. तेवढं त्याने ऐकलं.

क्षार मोजला. बाटली उजेडाकडे धरली, पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा मोजला. आठ पॉइंट तीन. कॅल्शियम चारशे वीस. मग त्याने त्याचा छोटा टॉर्च काढून हरणाच्या फांद्यांवर मारला. प्रत्येक फांदीच्या टोकाला निळसर पांढरा थेंब होता, नवं हाड फुटतं तसा. मी रोज बघत होते, पण दुसऱ्याच्या टॉर्चमध्ये ते बघायला मी त्याच्या खांद्यावरून वाकले. बुंध्याशी जे पांढरं उरलं होतं, त्यावर वरच्या बाजूने तपकिरी कड पुन्हा चढायला लागली होती. बोटभर. मेलेल्यावर जिवंत चढतं, हे मला पुस्तकानेही सांगितलं नव्हतं.

बघायला कोण येतं, त्याने विचारलं. मी म्हटलं, मीच.

तो चांगला माणूस आहे. त्याने काही लपवलं नाही. म्हणाला, दुकानात एवढं एकसंध ठेवता येत नाही, याचे तुकडे करून द्यावे लागतील, एका गिऱ्हाइकाला हरणाचं कबूलही केलंय. तुम्ही जपलंत हे खरं, पण माझं बोलणं मालकिणीशी झालंय. त्याच्या माणसाने नळी उलगडायला घेतली.

मी टाकीच्या पुढे जाऊन उभी राहिले. धक्काबुक्की करणारी बाई मी नाही, तुला माहीत आहे. नुसती उभी राहिले, दोन्ही हात मागे काचेवर. काच कोमट होती.

"पिंपं रिकामी न्या," मी म्हटलं. "मुलीला सांगा, आईने दिली नाही."

"का दिली नाही विचारलं तर?"

"सांगा, सवत नांदते आहे."

तो हसला. त्याच्या माणसाने नळी पुन्हा गुंडाळली. चहा घेऊनच गेले तिघे. जाताना दुकानदाराने जिन्यात थांबून मला विचारलं की मॅग्नेशियमला तुम्ही कुठल्या खड्यांचं मिश्रण करता, आणि मी सांगितलं.

आता तू. टाकी तुझी असताना मी ती दिली नाही, तुझा शब्द मोडला, तुझ्या दुकानदारासमोर. रागावायचं असेल तर रागाव. पण मला लिही. दुकानदाराला नको.

आई


२२ मे

शिंपले,

तुझं पाकीट आलं. ते फोडायच्या आधी मी हात धुतले, का ते विचारू नकोस.

वर ना आशीर्वाद मागितलेस ना खुशाली विचारलीस. पहिलीच ओळ: मॅग्नेशियम आता किती आहे? मी तिथेच दाराशी उभी राहून हसले. बाबांची मुलगी.

माझी सगळी पत्रं तुला एकाच बंदरात एकगठ्ठा मिळाली, आणि तू ती इंजिनच्या खोलीत कानाला ते मोठाले बोळे लावून एकामागून एक वाचलीस, हे वाचलं. हीटरच्या थरापाशी तू मोठ्याने 'मॅग्नेशियम, आई' असं ओरडलीस आणि कोणालाच ऐकू आलं नाही, हेही. मला ऐकू आलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

आणि ते खालचं, छोट्या अक्षरात लिहिलेलं. की तू टाकी माझ्यावर सूड म्हणून विकत नव्हतीस. की बाबांच्या वेळी तू समुद्रात होतीस, पोचलीस तेव्हा दोनच दिवस उरले होते, आणि आता त्यांची टाकीही गेली असा निरोप पुन्हा भर समुद्रात येईल, याची तुला धास्ती होती. परक्याकडे जगली तरी चालेल, पण मेल्याचं कळवणारं पत्र आईच्या अक्षरात नको. मी हे कितीदा वाचलं ते सांगत नाही. मला वाटायचं तू मला शिक्षा करते आहेस. तू घाबरलेली असशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लहानपणीही तू घाबरलीस की आधी दार आपटायचीस.

माझ्या अक्षरातली बातमी ही: हरणाची उजवीकडची फांदी वाढून काचेला टेकायला लागली होती. घासून तिचं टोक झिजलं असतं. मी मोठी कात्री उकळत्या पाण्यातून काढली, कोपरापर्यंत हात समुद्रात घातला आणि कच्चकन कापली. आवाज आला, खडू मोडल्यासारखा. ती फांदी एका छोट्या दगडावर चिकटवून पुढच्या कोपऱ्यात ठेवली, जिथे प्रवाह सौम्य आहे. काल बघितलं तर तिने दगडावर पाय पसरला आहे. नखाएवढा. पण स्वतःचा. दुसरी टाकी होईल तेव्हा ही फांदी तुझ्या घरी जाईल, तुझं घर जिथे होईल तिथे. पहिली टाकी मात्र माझी. बाबांनी तुला दिली ते मला मान्य आहे, तरी माझी.

जुलैत सुट्टी मिळते म्हणतेस. ये. खोली झाडून ठेवते. हाताला क्रीम लावून पाण्यात हात घालायचा नाही, आणि सकाळी सासूच्या वेळी मला मध्ये काही विचारायचं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर देत नाही. इतका महत्त्वाचा आकडा कोणी टपालाने पाठवतं का? पुढच्या बंदरात उतरलीस की फोन कर, मी घरीच असते, उचलीन.

आई